सतराव्या दिवशीही डोळे पिवळे

प्रश्न : माझी थोरली मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. सदतिसाव्या आठवड्यात नॉर्मल बाळंतपण झालं. मुलगा, वजन २ किलो ६०० ग्रॅम. तिसऱ्या दिवशी घरी आलो. मुलीला दूध उतरलं नव्हतं म्हणून मी दोन दिवस चमच्याने साखरेचं पाणी पाजलं. चौथ्या दिवशी बाळाचं तोंड पिवळं दिसलं. मुलगी म्हणाली दवाखान्यात जाऊ. मी म्हटलं, तुम्हा तिघांना झाली होती, कोवळ्या उन्हात धरलं की जाते. दोन दिवस ओसरीवर धरलं. सहाव्या दिवशी बाळ प्यायला उठेना. दवाखान्यात वजन २ किलो ३०० भरलं, कावीळ १९.४ निघाली. दोन दिवस पेटीत निळ्या लाइटखाली ठेवलं, ११ वर आली तेव्हा घरी सोडलं. आज सतरावा दिवस, डोळे अजून पिवळे. विहीणबाई म्हणतात, मुलीने हळद-तूप खाल्लं म्हणून झालं. शेजारीण म्हणते, अंगावरचं दूध दोन दिवस बंद करा आणि काविळीची माळ घाला. मुलीचा रक्तगट ओ पॉझिटिव्ह, बाळाचा बी पॉझिटिव्ह, त्यामुळे रक्त जुळलं नाही असंही कुणी म्हणतं. त्या लाइटने डोळ्यांना काही होईल का? मुलगी माझ्याशी नीट बोलत नाही. माझंच चुकलं का?
– एक आजी, कराड तालुका

ताई,

मुलगी नीट बोलत नाही हे तुम्ही अगदी शेवटी लिहिलंत, पण सगळं पत्र त्या ओळीसाठीच लिहिलंय असं मला वाटलं. तो प्रश्न मी टाळणार नाही. फक्त आधी बाळाचं एक काम आहे.

बाळाच्या शीचा रंग कोणता? तुम्ही वजन लिहिलंत, आकडे लिहिलेत, रक्तगटही लिहिलात. शीचा रंग मात्र पत्रात कुठेच नाही. उद्या सकाळी लंगोट दारात, उजेडात नेऊन बघा. बल्बखाली नको, ट्यूबखालीही नको. शी पिवळीधमक असेल, मोहरीसारखी, हिरवट, कशीही पण रंगीत असेल तर बरं. पांढरट, राखाडी, शाडूच्या मातीसारखी फिकी असेल, किंवा शू इतकी गडद होत असेल की लंगोटावर पिवळा डाग राहतो, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जा. आणि शी छान पिवळी असली तरी या दोन-तीन दिवसांत बाळाचं रक्त एकदा तपासून घ्या. काविळीतल्या पिवळ्या पदार्थाला बिलिरुबिन म्हणतात. तिथे ‘टोटल’ बिलिरुबिनबरोबर ‘डायरेक्ट’, म्हणजे यकृताने विरघळेल असं केलेलं, बिलिरुबिनही करायला सांगा. नुसतं टोटल पुरणार नाही.

एवढी घाई कशाला, ते सांगते. नवजात बाळाच्या काविळीत लोक ‘किती पिवळं’ हे बघतात. मी आधी ‘कितव्या दिवशी’ हे विचारते. तोच पिवळेपणा चौथ्या दिवशी बहुतेक वेळा साधा असतो, पहिल्या चोवीस तासांत असेल तर कधीच साधा नसतो, आणि पुऱ्या दिवसांच्या बाळात दोन आठवड्यांनंतरही टिकला तर एकदा नीट तपासावाच लागतो. तुमचं बाळ आज या तिसऱ्या टप्प्यावर आहे.

या टप्प्यावर बहुतेक बाळांमध्ये सापडतं ते काळजीचं नसतं. अंगावर पिणाऱ्या, वजन चांगलं वाढणाऱ्या काही बाळांचा पिवळेपणा आईच्या दुधामुळेच रेंगाळतो. तो अडीच-तीन महिन्यांपर्यंतही राहू शकतो आणि आपोआप जातो. त्यासाठी दूध बंद करायचं नसतं, एक दिवससुद्धा नाही. शेजारणीला तेवढं सांगाच. पण ‘दुधामुळेच आहे’ असं म्हणण्याचा हक्क ती तपासणी झाल्यावर मिळतो. कारण थोड्या बाळांमध्ये पित्त यकृतातून आतड्यात उतरण्याची वाटच बंद होत गेलेली असते. पित्त उतरत नाही म्हणून शीला रंग येत नाही, आणि रक्तात ‘डायरेक्ट’चा आकडा चढतो. या आजारावर शस्त्रक्रिया आहे. मोरिओ कासाई या जपानी शल्यविशारदांनी ती १९५९ साली मांडली, आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. बाळ साठ दिवसांचं व्हायच्या आत ती झाली तर यश येण्याची शक्यता बरीच जास्त असते. तैवानने २००४ पासून आणि जपानने २०१२ पासून आयांच्या हाती शीच्या रंगांचं कार्डच दिलं, ते याचसाठी. शिवाय थायरॉइड कमी असणं, लघवीतला जंतुसंसर्ग, हेही रेंगाळलेल्या काविळीतून कधीकधी उघडकीला येतं.

अडीच महिन्यांचं एक बाळ माझ्याकडे आलं होतं, ते मी विसरलेली नाही. गुबगुबीत, हसरं. आई म्हणाली, “सगळ्यांनी सांगितलं दुधाची कावीळ आहे, जाईल.” सांगणाऱ्यांत डॉक्टरही होते. लंगोट कुणीच उघडून बघितला नव्हता.

आता मागे, पहिल्या आठवड्याकडे जाऊ.

नवजात बाळाची कावीळ म्हणजे मोठ्या माणसाची कावीळ नव्हे. मोठ्यांना ती बऱ्याचदा दूषित पाण्यातून, विषाणूने होते. यकृत सुजतं, घरातल्या दुसऱ्यालाही लागण होऊ शकते. बाळाचं तसं नसतं. पोटात असताना बाळाच्या रक्तात तांबड्या पेशी भरपूर असतात. जन्मल्यावर स्वतःचा श्वास सुरू झाला की तेवढ्यांची गरज उरत नाही. त्यातून बाळाच्या या पेशींचं आयुष्यही आपल्या पेशींपेक्षा कमी. त्या मोडतात तेव्हा बिलिरुबिन नावाचा पिवळा पदार्थ तयार होतो. आपलं यकृत तो पाण्यात विरघळेल असा करून पित्तातून आतड्यात सोडतं. बाळाच्या यकृतात हे काम करणारं एन्झाइम जन्माच्या वेळी मोठ्या माणसाच्या जेमतेम एक टक्का चालतं. माल जास्त आणि कामगार नवखा. मग चार दिवस ढीग साचतो. म्हणून पुऱ्या दिवसांच्या शंभरातल्या साधारण साठ बाळांना आणि अपुऱ्या दिवसांच्या शंभरातल्या ऐंशींना पहिल्या आठवड्यात पिवळेपणा दिसतो. तुमच्या तिन्ही मुलांना झाली होती, यात नवल काहीच नाही.

तिसऱ्या ते पाचव्या दिवशी हा ढीग सगळ्यात मोठा असतो. आणि आपल्याकडे नॉर्मल बाळंतपणानंतर घरी सोडतात ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी! म्हणजे कावीळ शिगेला पोचते तेव्हा बाळ घरी, बाळंतिणीच्या मंद उजेडाच्या खोलीत, टोपडं-कुंची घालून दुपट्यात गुंडाळलेलं असतं. वर अंगाला हळद-बेसन लावलेलं असलं तर विचारूच नका. तिसऱ्या दिवशी सोडताना ‘दोन दिवसांनी पुन्हा दाखवायला या’ असं तुम्हाला कुणी सांगितलं होतं का? नसेल, तर ती चूक दवाखान्याची आहे.

तुमच्या बाळाच्या बाबतीत माझं बोट उन्हाच्याही आधी दुसऱ्याच गोष्टीवर गेलं. २ किलो ६०० चं बाळ सहाव्या दिवशी २ किलो ३०० झालं. म्हणजे तीनशे ग्रॅम, साडेअकरा टक्के. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतंच, पण दहा टक्क्यांच्या पुढे गेलं तर दूध पोटात जात नाहीये असं समजायचं. बिलिरुबिन शरीराबाहेर जातं ते मुख्यतः शीतून. जन्मानंतरची ती काळी, डांबरासारखी शी त्याने भरलेली असते. दूध गेलं की आतडी हलतात, काळी शी निघून जाते, पिवळी सुरू होते. दूध गेलं नाही तर शी आत पडून राहते आणि आतड्यातलं बिलिरुबिन परत रक्तात शोषलं जातं. साखरेच्या पाण्याने नेमकं हेच होतं. पोट भरल्यासारखं होतं, बाळ झोपतं, अंगावर ओढत नाही. ओढत नाही म्हणून आईला दूध उतरत नाही. आणि दूध उतरत नाही म्हणून आपण आणखी साखरेचं पाणी पाजतो.

पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक चमचाभरच असतो, आणि बाळाचं पोटही तेवढंच असतं. ‘दूध उतरलं नाही’ म्हणतात ते दिवस खरं तर चिकाचे असतात. मध, गुटी, ग्लुकोजचं पाणी, काही नको. मधाचा तर वर्षभर थेंबही नको, त्यातून बाळाला जिवावरचा आजार होऊ शकतो. शिवाय सदतीस आठवड्यांचं बाळ दिसायला पुरं दिसलं तरी झोपाळू असतं. दोन घोट घेतं आणि डुलकी लागते. अशा बाळाला भूक लागून रडायची वाट बघायची नसते. दर दोन-तीन तासांनी उठवायचं, पायाचे तळवे चोळायचे, दुपटं काढायचं. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजायचं. पाचव्या दिवसापासून दिवसाला सहा-सात लंगोट शूने ओले व्हायला हवेत. आता वजन किती आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. तपासणीला जाल तेव्हा काट्यावर ठेवा. एव्हाना ते २ किलो ६०० च्या वर गेलेलं असायला हवं.

आता ऊन.

ताई, उन्हात धरायची कल्पना वेडगळ नव्हती. आजचा निळा लाइट जन्मला तो उन्हातूनच. १९५६ साली इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यात, रॉचफर्डच्या रुग्णालयात, अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा विभाग सिस्टर जीन वॉर्ड सांभाळत होत्या. ऊन पडलं की त्या बाळांना अंगणात आणत. एकदा त्यांनी डॉक्टरांना एक बाळ उघडं करून दाखवलं. सगळं अंग फिकं, पण एक त्रिकोणी तुकडा मात्र गडद पिवळा. चादरीचा कोपरा नेमका तेवढ्याच जागेवर होता! पुढे बाळाच्या रक्ताची एक नळी उन्हात राहून गेली, तर तिच्यातलं बिलिरुबिन अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी भरलं. डॉ. रिचर्ड क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग दिव्यांचं यंत्र बनवलं आणि १९५८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते काम छापून आलं. एका नर्सच्या नजरेने सुरू झालेली ही गोष्ट आहे. बाळांजवळ दिवसभर असणाऱ्या बाईने बघितलेलं कधी झटकून टाकू नये, असं मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगते, ते हीच गोष्ट सांगून.

मग तुमचं ऊन का चाललं नाही? कारण उन्हातला उपयोगी भाग मुख्यतः निळ्या प्रकाशाचा. तो लागू पडायला बाळ जवळजवळ उघडं, तासन् तास प्रकाशात राहावं लागतं. ओसरीवर आपण धरतो अर्धा तास, तेही झबलं-टोपडं घालून. जास्त धरलं तर कातडी भाजते, अंग तापतं, किंवा थंडीच्या दिवसांत बाळ गार पडतं. आधीच दूध न मिळालेलं बाळ उन्हाने आणखी सुकतं. नायजेरियात डॉक्टरांनी खास पडद्यांतून गाळलेल्या उन्हाने बाळांवर यशस्वी उपचार केले आहेत, पण तिथेही कुणीतरी सतत जवळ बसून बाळाचं तापमान मोजत होतं. ओसरीवर ते जमणारं नाही. सगळ्यात मोठा तोटा म्हणजे, ऊन दाखवतोय, म्हणजे उपचार चाललाय असं वाटतं आणि दोन दिवस जातात.

पेटीतल्या निळ्या लाइटची भीती मात्र मनातून काढून टाका. तो एक्स-रे नव्हे. तो प्रकाश कातडीतल्या बिलिरुबिनचा आकारच बदलतो, मग यकृताची वाट न बघता ते पित्तातून आणि लघवीतून बाहेर पडतं. त्या दोन दिवसांत बाळाला हिरवट, पातळ शी झाली असेल, अंगावर बारीक पुरळही उठलं असेल. तेवढंच. डोळ्यांवर पट्टी बांधतात ती तेवढा वेळ डोळ्यांना प्रकाशाचा त्रास होऊ नये म्हणून. पुढे नजर कमी होईल, असं काही नाही. लाइटखाली ठेवलेल्या बाळाची कातडी आधी उजळते आणि रक्तातला आकडा मागून उतरतो, म्हणून लाइटनंतर डोळ्यांनी अंदाज बांधायचा नसतो, रक्तच तपासायचं.

एरवीही डोळ्यांचा अंदाज फसवाच. पिवळेपणा डोक्याकडून पायाकडे उतरत जातो हे खरं, पण गहूवर्णी, सावळ्या बाळात तो उशिरा कळतो. उजेडात बाळाच्या नाकावर किंवा छातीवर बोट हलकेच दाबून उचलायचं, खालची कातडी पिवळी दिसते का बघायचं. डोळ्यांतला पांढरा भाग आणि हिरड्या बघायच्या. यातून कावीळ आहे की नाही एवढंच कळतं. आकडा दहा की वीस हे मलाही इतक्या वर्षांनंतर नुसतं बघून सांगता येत नाही. तळहात-तळपाय पिवळे दिसले तर मात्र घरी थांबायचंच नाही.

विहीणबाईंना माझा नमस्कार सांगा, आणि हेही सांगा की आईच्या ताटातली हळद बाळाच्या डोळ्यांत उतरत नाही. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, तूप, भाकरी-भाजी, सगळं चालू ठेवा. दूध त्यातूनच यायचं आहे. बाळंतिणीला उपाशी ठेवणं हा बाळाच्या काविळीवरचा सगळ्यात वाईट उपाय. माळ लांबली की कावीळ उतरली असं म्हणतात, पण काविळीची माळ लांबते ती ओली देठं सुकून बारीक होतात आणि दोऱ्याचे फास सैल पडतात म्हणून. खुंटीला टांगली तरी तेवढीच लांबेल. बाळाच्या गळ्यात दोरा नको, तो आवळण्याची भीती असते. नाकात कडू रस सोडणं, पोटावर डाग देणं हे तुम्ही करणार नाही याची मला खात्री आहे, पण हे वाचणाऱ्या कुणाच्या घरी तो विषय निघाला असेल तर हात जोडून सांगते, नका करू.

रक्तगटाबद्दल कुणी म्हणालं त्यात तथ्य आहे. आई ओ गटाची आणि बाळ ए किंवा बी गटाचं असलं तर आईच्या रक्तातली काही द्रव्यं बाळाच्या तांबड्या पेशी थोड्या लवकर मोडू शकतात. यात दोघांचाही दोष नसतो आणि बहुतेक बाळांना फारसा त्रासही होत नाही. याहून जपायची जोडी म्हणजे आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह. तिथे बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत आईला अँटी-डी इंजेक्शन द्यावंच लागतं, नाहीतर पुढच्या बाळाला धोका. तुमची मुलगी पॉझिटिव्ह आहे, तिला ते लागत नाही. आणखी एक. नव्या बाळाला आपण ट्रंकेतले जुने कपडे घालतो. त्यांत डांबरगोळ्या ठेवलेल्या असल्या तर ते कपडे वापरू नका. काही बाळांमध्ये, मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये जास्त, जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असतं. नुसत्या त्या गोळ्यांच्या वासानेही त्यांच्या पेशी भराभर मोडतात आणि कावीळ एकदम चढते.

आता तुमचा प्रश्न.

हो ताई, थोडं चुकलं. मुलगी चौथ्या दिवशी म्हणाली तेव्हा जायला हवं होतं. तुम्ही विचारलंत म्हणून खरं सांगते, आणि तुम्हाला खोटा दिलासा नकोय हे पत्रातून कळतंय. शिकाऊ डॉक्टर असताना मी सात दिवसांचं एक बाळ घेतलं होतं. त्यालाही घरच्यांनी मायेने उन्हातच धरलं होतं. आलं तेव्हा मान आणि पाठ धनुष्यासारखी मागे वाकलेली, रडणं किरटं, टोचणारं. रात्रभर आम्ही त्याचं रक्त बदललं. जीव वाचला. पण बिलिरुबिन मेंदूत उतरून गेलं होतं. तो मुलगा पुढे बरीच वर्षं माझ्याकडे येत होता. सगळं समजायचं त्याला, डोळ्यांत दिसायचं. ऐकू येत नव्हतं, आणि हात-पाय त्याचं म्हणणं ऐकत नव्हते.

हे तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. तुमचं बाळ त्या वाटेला गेलेलं नाही, आणि त्याला कारण तुम्ही आहात. सहाव्या दिवशी ‘प्यायला उठेना’ हे तुम्ही ओळखलंत आणि त्याच दिवशी निघालात. आणखी एक रात्र थांबला असतात तर हे पत्र वेगळं असतं. एवढी कावीळ होऊन गेलेल्या बाळाची एकदा कानांची तपासणी मात्र करून घ्या. ‘बेरा’ म्हणतात तिला, बाळ झोपेत असताना होते, दुखत नाही. त्याच भेटीत डॉक्टरांना विचारा.

मुलीला समजावून सांगत बसू नका. तिला म्हणा, “तू चौथ्या दिवशी म्हणालीस ते बरोबर होतं. मी ऐकलं नाही.” एवढंच. पहिलटकरणीला सगळं घर शिकवत असतं, तेव्हा आपलं एक तरी म्हणणं बरोबर होतं हे तिला आईच्या तोंडून ऐकायचं असतं. मग रात्री दोनच्या पाजण्याला तुम्ही उठा, बाळाला जागं करून तिच्याजवळ द्या.

बाळ पुन्हा दुधाला उठेनासं झालं, चोखणं ढिलं पडलं, अंग सैल पडलं, रडणं किरटं झालं, मान मागे ताणू लागलं, अंग तापलं किंवा गार पडलं, तर दिवस-रात्र बघू नका. १०२ किंवा १०८ ला फोन करा. सरकारी दवाखान्यात वर्षाच्या आतल्या आजारी बाळाचे उपचार आणि तिथवर नेण्याची गाडी जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे, आणि जिल्हा रुग्णालयांत नवजात बाळांसाठी वेगळा कक्ष असतो. गावातल्या आशाताई एकविसाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी घरी यायला हव्यात. आल्या नाहीत तर बोलावून घ्या आणि त्यांच्यासमोर वजन करा.

तपासणीला जाताना सकाळचा लंगोट धुऊ नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सोबत न्या आणि डॉक्टरांसमोर उघडून दाखवा. त्यांनी मागितला नाही तरी.